अभय दिलेले मासे

पूर्वी अश्मक देशातल्या मधुपर्णी नगरीत राजा धृतवर्मा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका अमात्याच्या घरी जन्माला आला. त्याचे नाव भद्रघोष. वडिलांच्या पश्चात राजाने त्याला जलामात्य नेमले, म्हणजे नगरीचे तळे, त्याचा बांध, पाट आणि मोऱ्या यांची निगा त्याच्याकडे आली. हे पद मिरवण्यासारखे नव्हते. सेनापती रस्त्याने निघाला की लोक बाजूला होऊन उभे राहत. जलामात्य निघाला की लोक त्याला अडवून आपापल्या पाटातला गाळ दाखवीत. भद्रघोष तो गाळ वाकून पाहत असे, आणि त्यातच त्याचा दिवस सरत असे. राजकन्या त्याला चिखलकाका म्हणत असे आणि त्या नावाला तो ओ देत असे.

तळ्याचे नाव कुमुदसर. दोन टेकड्यांच्या बेचक्यात कुण्या जुन्या राजाने बांध घातला होता. त्यामागे साठलेले पाणी इतके नितळ होते, की घाटाच्या बुडालेल्या पायरीवर पडलेले बाईचे कंकण वरून दिसे. एका काठाला कमळे, दुसऱ्या काठाला लव्हाळे. नगरी तेच पाणी पीत होती, खालची भातशेते त्यावरच पिकत होती आणि कोळीवाड्यातल्या चुली त्याच पाण्याच्या जिवावर पेटत होत्या. मरळ, वाम, शिंगटी, मळ्या आणि कितीतरी बारीक मासे त्यात नांदत. श्रावणात मासे अंड्यांवर येतात, म्हणून कोळी त्या महिन्यात जाळी धुऊन वळचणीला टांगून ठेवीत. हा नियम कुणा राजाने घातलेला नव्हता. पोटाला कळते ते सांगायला राजा लागत नाही.

राजाला अनुला नावाची एकुलती एक मुलगी होती. राणी सोमवल्लीने तिच्याआधी दोन बाळे गमावली होती, त्यामुळे अनुलेला साधी शिंक आली तरी राणीच्या काळजाचे पाणी होई. एका पावसाळ्यात या मुलीला हुडहुडी भरून ताप आला आणि काही केल्या उतरेना. वैद्यांनी हात टेकले. तेव्हा राजपुरोहिताने तोडगा सांगितला. मरणाच्या दारातला जीव सोडवावा, म्हणजे मरण आपल्या दारातून निघून जाते. पौर्णिमेला जिवंत मासे विकत घ्यावेत आणि राणीने ते स्वतःच्या हाताने कुमुदसरात सोडावेत. याला दोन अटी होत्या. मासा हातातून जिवंत पोहत गेला पाहिजे, घागरीतच मेला तर नवस उलटतो. आणि मासे सोडून झाल्यावर मागे वळून पाहायचे नाही, कारण वळून पाहणे म्हणजे दिलेले दान परत मागणे.

आता गंमत अशी, की नवसाला मासाही नवसासारखा लागतो. मळ्या आणि बारीक मासे घागरीत घातल्यावर घाटापर्यंत पोचायच्या आत उताणे होत. मरळ तशी चिवट, ओल्या चिखलातही दम धरणारी. पण काळी, सापाच्या तोंडाची. राजकन्येच्या नावाने तिला कोण सोडणार? पुरोहिताने नाक मुरडले. अशा अडलेल्या वेळी जो नेमका दारात येऊन उभा राहतो त्याला व्यापारी म्हणतात.

हा व्यापारी म्हणजे सार्थवाह वसुगुप्त. तो पूर्वेकडून, मोठमोठ्या अरण्यांपलीकडच्या हिरण्या नदीवरून आला होता, आणि त्याच्या गाड्यांवर मातीच्या रांजणांत मासे होते. हातभर लांब, अंगाने पिवळेधमक, पंख तांबड्या सोन्याचे. महिनाभर रस्त्याने हिंदकळत आले तरी हे मासे मरत नाहीत, असे तो शपथेवर सांगे, आणि ते खरे होते. लोकांनी त्यांना सोनपंखी म्हणायला सुरुवात केली. राणीने ते सोडले, मागे न पाहता घरी आली, आणि दोन-चार दिवसांनी अनुलेचा ताप उतरला. उतरायचाच होता म्हणून उतरला की माशांमुळे, हे कुणी विचारले नाही. लेकरू डोळे उघडून पेज मागू लागल्यावर कोणती आई असले प्रश्न विचारत बसते?

त्या पहिल्या पौर्णिमेला भद्रघोषही घाटावर होता, आणि मासे राणीच्या ओंजळीतून निसटून पाण्यात नाहीसे झाले तेव्हा त्याच्याही डोळ्यांत पाणी आले होते. जीव वाचवण्यात वावगे काय आहे, असेच त्याला वाटले होते.

मग ती रीतच पडली. राणी दर पौर्णिमेला सोनपंखी सोडू लागली. राणीचे पाहून सावकारांच्या बायका, त्यांचे पाहून सोनारणी आणि तेलिणी, ज्याच्या घरी दुखणे तो मासा सोडी. वसुगुप्ताच्या गाड्या वर्षातून दोनदा येत आणि रिकाम्या होऊन जात. राजाने दवंडी पिटली, की सोनपंखीला कुमुदसरात अभय आहे आणि जो त्याला मारील त्याला देशोधडीला लावले जाईल.

या दवंडीने काय केले ते कुणाच्या ध्यानात आले नाही. कोळ्यांच्या जाळ्यात दोन्ही मासे येत. सोनपंखी ते अलगद पाण्यात परत सोडीत, आणि मरळ, वाम, मळ्या टोपलीत टाकीत. रोज सकाळी हेच, रोज संध्याकाळी हेच. घरच्यांना विकायचे आणि पाहुण्याला राखायचे, असे चालले की एक दिवस घरात पाहुणाच उरतो.

सगळ्यात आधी पाणी बिघडले. घाटाची बुडालेली पायरी दिसेनाशी झाली. मग कमळे विरळ होत गेली. भद्रघोष बांधावरून फिरताना हे पाहत होता; आधी त्याला वाटले, मोरीपाशी गाळ साचला असेल. त्याने मोऱ्या उपसून घेतल्या, तरी पाणी गढूळच. मग एके दिवशी कोळीवाड्यातल्या खेमीने त्याला अडवले. तिच्या घरातली माणसे सात पिढ्या त्या तळ्यावर जगत आली होती.

तिने जाळ्याकडे बोट दाखवले. “जाळं जड लागतंय, अमात्य. ओढून ओढून पोरांचे हात सोलतात. सगळं सोनंच निघतं. आता सोनं काय शिजवून खायचं?”

भद्रघोषाने वाकून जाळ्यातले मासे निरखून पाहिले. दुसऱ्या दिवसापासून तो लव्हाळ्याच्या काठाला होडी लावून बसू लागला. लोक म्हणाले, जलामात्याला आता मासे मोजायचे वेड लागले. पण त्याने एक पुरा पावसाळा आणि एक पुरा उन्हाळा डोळे उघडे ठेवले, आणि त्याला हळूहळू सगळे उमगत गेले. सोनपंखी तोंडाने तळाचा चिखल उकरी, त्यात कमळांचे कंद उपटून वर येत. त्याच चिखलात इतर माशांनी घातलेली अंडी तो गिळी. नुकती फुटलेली पिले दिसली की त्यांच्यावर तुटून पडे. त्याच्या अंगात दुष्टपणा नव्हता. त्याला भूक होती, आणि त्याच्या नदीत त्याला धाक घालणारे जे मासे होते ते इथे कुणी आणले नव्हते.

आणखी एक गोष्ट त्याने पाहिली. पूर्वी लव्हाळ्यातल्या साचल्या पाण्यात डासांच्या वळवळत्या अळ्या पडत आणि बारीक मासे त्यांचा फन्ना उडवीत. आता बारीक मासे नव्हते आणि अळ्यांना मोकळे रान मिळाले होते. दिवस कलला की काठावरच्या घरांत गुरांपाशी धूर करावा लागे. हुडहुडीचा ताप आधी काठावरच्या घरांत येई, मग वर नगरीत चढे. आणि राजवाडा तर घाटालाच लागून होता. डासांचे आणि तापाचे नाते भद्रघोषाला छातीठोकपणे सांगता आले नसते. पण एवढे तो पाहत होता, की ताप वाढला की नवस वाढतात, नवस वाढले की मासे वाढतात, आणि मासे वाढले की पुढच्या वर्षी ताप आणखी वाढतो. रोग परवडला पण औषध नको, अशी गत झाली होती.

तो राजाकडे गेला. राजाने सगळे ऐकून घेतले, कारण तो मूर्ख नव्हता. मग त्याने पगडी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाला, की शत्रूची सेना चालून आली तर मी पुढे होईन, पण राणीला हे सांगणे माझ्याने होणार नाही. त्या माशांना ती अनुलेचा श्वास समजते. तू सांगणार असशील तर मी तुला अडवणार नाही, आणि तू अडचणीत आलास तर मी तुला सोडवूही शकणार नाही. राजे असे मोकळेपणाने क्वचितच बोलतात, म्हणून भद्रघोषाने त्याचे आभार मानले.

ही कुणकूण वसुगुप्तापर्यंत पोचायला वेळ लागला नाही. तो तूप आणि रेशीम घेऊन जलामात्याच्या घरी आला. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये, असे त्याने हसत हसत सुचवले, आणि पुढच्या खेपेपासून नफ्याचा चौथा हिस्सा या घरी पोचेल असेही सांगितले. भद्रघोषाने त्याला पाणी दिले, गूळ दिला, आणि रेशमाची गाठ न सोडता ती परत त्याच्या गाडीत ठेवायला लावली. वसुगुप्त गेल्यावर भद्रघोषाची बायको म्हणाली, की रेशीम बरे होते. तो म्हणाला, बरे होते खरे.

श्रावण लागला आणि अनुलेला पुन्हा ताप भरला. या खेपेला तो मागच्यापेक्षा कडक होता. मुलगी आईला ओळखेना. पौर्णिमा तोंडावर होती. राणीने वसुगुप्ताकडचे होते नव्हते तेवढे सगळे रांजण विकत घेतले. सकाळी घाटावर अर्धी नगरी लोटली. राणी अनवाणी आली, केस न विंचरलेले, डोळे रडून सुजलेले. तिला पाहून भद्रघोषाचे मन कालवले. चिखलकाका म्हणून हाक मारणारी ती पोर त्यालाही परकी नव्हती. आज बोलू नये असे त्याला वाटले, आणि आज बोललो नाही तर कधीच बोलणार नाही हेही त्याला ठाऊक होते. तो पायऱ्या उतरून राणीच्या वाटेत उभा राहिला.

“महाराणी, मासे सोडू नका असे मी म्हणत नाही. पण सोडून झाल्यावर आज एकदा मागे वळून पाहा.”

लोकांत कुजबूज झाली. पुरोहित पुढे सरसावला, पण राणीने त्याला हाताने थांबवले.

“माझं लेकरू तापाने फणफणलंय, आणि तुम्ही मला नवस मोडायला सांगता?”

“होय.”

“तिला काही झालं तर?”

“तर लोक म्हणतील, भद्रघोषाने मारली, आणि मी ते नाकारणार नाही. पण आपण चार वर्षे जीव सोडता आहात आणि ते पाण्यात पुढे काय करतात हे एकदाही पाहिलेले नाही. महाराणी, ज्याला अभय दिले त्याच्याकडे पाठ फिरवायची, ही कसली दया?”

राणीने त्याच्याकडे असे पाहिले, की दुसरा कुणी असता तर बाजूला झाला असता. ती त्याला वळसा घालून खाली उतरली. अर्धे रांजण तिने स्वतःच्या हाताने ओतले, पाण्याला नमस्कार केला आणि वळून पायऱ्या चढू लागली. दोन पायऱ्या चढली, तिसरीवर थांबली. सगळा घाट तिच्या पाठीकडे पाहत होता. मग ती वळली.

घाटाच्या कडेला लव्हाळ्यात मरळीचे एक जोडपे पिले राखत होते. मरळीची पिले जन्मल्यावर एकमेकांना धरून राहतात; चिमूटभर कुंकू पाण्यात सांडावे तसा तांबूस पुंजका पाण्याच्या वरच्या थरात हालत असतो, आणि नर-मादी खाली पहारा करतात. लोक लाह्या टाकत, म्हणून जुने सोनपंखी घाटाशी आधीच गोळा झाले होते. त्यांत आता रांजणातले नवे, महिनाभर उपाशी, येऊन मिळाले. त्यांना तो तांबूस पुंजका दिसला.

मरळ भित्री नसते. तिने पहिल्याचा पंख फाडला, दुसऱ्याला शेपटीने हाणले, पाण्याबाहेर उसळी मारून तिसऱ्यावर पडली. पण ते चोहोकडून येत होते. ती एकाला हाकलायला जाई तेवढ्यात दुसरीकडून पुंजका थोडा कमी होई. शेवटी पाण्यावर तांबूस काही उरले नाही. सोनपंखी लाह्यांकडे परत फिरले. नर दिसेनासा झाला. मादी मात्र गेली नाही. ती त्याच जागी, त्या रिकाम्या पाण्याभोवती, फेऱ्या घालत राहिली.

राणी बराच वेळ पाहत होती. मग तिने हळूच विचारले, “ती जात का नाही?”

भद्रघोष म्हणाला, “ती अजून राखण करते आहे.”

त्यापुढे त्याला काही समजावून सांगावे लागले नाही. दोन बाळे गेल्यावर सोमवल्ली स्वतः रिकाम्या पाळण्याभोवती अशीच फिरली होती, आणि दासींनी हाताला धरून नेले तरी तिथेच परत आली होती. ती पायरीवर खाली बसली आणि सर्वांच्या देखत मोठ्याने रडली. मग डोळे पुसून तिने उरलेले रांजण झाकायला सांगितले.

पुढचे दिवस वाईट गेले. अनुलेचा ताप हटेना. पुरोहित जो भेटेल त्याला सांगत होता, की नवस उलटला. भद्रघोषाच्या दारावर कुणी शेण मारले. त्याने राजवाड्यात निरोप पाठवून मुलीच्या पलंगाभोवती झिरझिरीत वस्त्र लावायला आणि निंबाच्या पानांची धुरी द्यायला सांगितले, आणि स्वतः राजवाड्याच्या ओसरीवर जाऊन बसला. घरी जा म्हटले तरी गेला नाही. एके दिवशी उन्हे वर आल्यावर एक दासी धावत बाहेर आली. मुलीला घाम फुटला होता आणि ती पेज मागत होती. राणीने त्याला आत बोलावून त्याचे पाय धरायला हात पुढे केले, तेव्हा तो मागे सरला. तो म्हणाला, की मी पाणी राखणारा माणूस, ताप कसा येतो आणि कसा जातो ते मला कळत नाही. अर्धे मासे न सोडताही तो गेला, एवढेच आपण दोघांनी पाहिले.

आता प्रश्न उरला सोनपंखींचा. दरबार भरला. कोळ्यांचे म्हणणे सोपे होते: दवंडी मागे घ्या, एवढे दिवस पाण्यात सोडले, आता कालवणात सोडू. अर्ध्या दरबाराच्या तोंडाला पाणी सुटले. पण राणी उठून म्हणाली, की मी त्यांना माझ्या हाताने अभय दिले आहे. त्यांनी मला फसवले नाही, मीच पाहिले नाही. माझ्या चुकीसाठी त्यांना मारू नका. पुरोहिताने लगेच मान हलवली आणि म्हणाला, मग आहे तसेच चालू द्यावे.

तेव्हा बोधिसत्त्व बोलला. “महाराज, अभय म्हणजे जगू देणे. दुसऱ्याच्या घरात घुसून जगू देणे नव्हे. त्यांना त्यांच्या नदीत पोचवू. पण त्यासाठी कुमुदसर एकदा पुरे रिकामे करावे लागेल.”

तळे रिकामे करायचे म्हणजे उन्हाळी भाताच्या पिकाला मुकायचे, हे सर्वांना कळत होते. भद्रघोष पुढे म्हणाला, की बांधाखालची सर्वांत चांगली जमीन माझ्या घराण्याला इनाम मिळालेली आहे. तिचे पाणी मी आजच बंद करतो, आणि या वर्षी माझ्या कोठारातले भात ज्याला कमी पडेल त्याचे. हे ऐकून राजाने आपलेही कोठार उघडायला सांगितले. अमात्यापेक्षा राजा मागे राहिला असे त्याला ऐकायचे नव्हते. आणि दवंडी उलटी फिरली: जाळ्यात सोनपंखी आला तर तो घाटाशेजारच्या कुंपण घातलेल्या डोहात जिवंत ठेवावा, मरळ आणि वाम परत सोडावी.

मासे परत न्यायचे काम वसुगुप्ताला दिले. तो काकुळतीला आला. म्हणाला, एवढ्या लांबच्या वाटेने हे नाजूक जीव कसे टिकतील? भद्रघोषाने शांतपणे आठवण करून दिली, की महिनाभर हिंदकळले तरी मरत नाहीत असे विकताना आपणच शपथेवर सांगत होता. दरबार हसला. वसुगुप्त हसला नाही, पण त्याने रांजण जुळवायला घेतले.

वैशाखात मोऱ्या उघडल्या. पाणी उतरत गेले तसे सारे गाव तळात उतरले. मरळ, वाम, शिंगटी, मळ्या वेचून देवळांच्या कुंडांत आणि शेतांतल्या विहिरींत नेऊन ठेवल्या. बायका पोरे चिखलात गुडघाभर उभी राहून हातोहात घागरी पोचवीत होती. राणी त्यांच्यात होती. साडी खोचून, खेमीच्या शेजारी. सोनपंखी हातात आला की ती त्याला क्षणभर धरून काहीतरी पुटपुटे आणि रांजणात सोडी. पुष्कळ मासे या धांदलीत मेले, दोन्ही जातींचे. भद्रघोषाने ते झाकले नाही. मोठे काम करताना हाताला काही लागतच नाही, असे जो सांगतो त्याने काम केलेले नसते. तळे उन्हात वाळले, चिखलाला भेगा पडल्या आणि उरलीसुरली अंडी त्यात सुकून गेली. गाड्या पूर्वेकडे निघाल्या आणि पावसाच्या आत हिरण्या नदीवर पोचल्याची वर्दी आली.

मासे निवडताना एक गोष्ट घडली होती. कोळीवाड्यातल्या म्हाताऱ्या चिखलात एक मासा शोधत होत्या. बोटाएवढा, कल्ल्यावर निळा ठिपका. त्याला निळुली म्हणत. विकायला कामाचा नाही, खायला कामाचा नाही, पण पोरांच्या ओंजळीत खेळायचा. तो कुठेच मिळेना. त्यांनी कुंडे पाहिली, विहिरी पाहिल्या, मोरीच्या तोंडाशी फडकी लावून पाहिले. राणी म्हणाली, दुसऱ्या कुठल्या तळ्यात असेलच, तिथून आणू. भद्रघोषाने चारी दिशांना माणसे धाडली. ती पावसाळा संपल्यावर परत आली, आणि त्यांच्या घागरींत नुसते पाणी होते.

कुमुदसर पुन्हा भरले आणि कुंडांतले, विहिरींतले मासे त्यात परत सोडले. पहिल्या वर्षी पाणी नितळ झाले, मग जमिनीत दबलेल्या बियांतून कमळे आली, मग कोळ्यांच्या टोपल्या जड झाल्या. बगळे परतले, डास कमी झाले आणि ताप काठावरच्या घरांतून हळूहळू उठला. नवस करणे लोकांनी सोडले नाही, लोक नवस सोडत नसतात. पण आता ज्याच्या घरी दुखणे येई तो श्रावणभर लव्हाळ्याची राखण बोले, आणि पाळी घालत काठावर बसे. अनुला मोठी झाली. राणी म्हातारी झाली, तरी ज्याला त्याला विचारायची, कुणाला निळुली दिसली का. कुणालाच ती दिसली नाही. ती याच तळ्यात होती, दुसरीकडे कुठे नव्हतीच.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, जेतवनात सांगितली, ती तिष्यक नावाच्या एका भिक्षूला उद्देशून. तिष्यक मनाचा लोण्यासारखा. विहाराबाहेर भुकेलेला शेळ्यांचा कळप पाहून त्याचे मन द्रवले आणि त्याने बागेचे फाटक उघडून दिले. संध्याकाळपर्यंत आजारी भिक्षूंसाठी लावलेल्या औषधी रोपांचे एक पानही उरले नाही. भिक्षू त्याच्यावर रागावले होते, आणि तो कोपऱ्यात बसून म्हणत होता, की मी तर दयाच केली.

कथा संपवून शास्ते म्हणाले, “तेव्हाचा राजा धृतवर्मा म्हणजे आजचा भिक्षू आनंद. राजकन्या अनुला म्हणजे भिक्षुणी उत्पलवर्णा. सार्थवाह वसुगुप्त म्हणजे या शेळ्यांचा मालक, ज्याला फुकट चारा मिळाला. राणी सोमवल्ली म्हणजे, तिष्यका, तूच. आणि जलामात्य भद्रघोष मी होतो.”

तिष्यक कोपऱ्यातून उठून पुढे आला. मग त्याने विचारले, “भंते, आणि ती निळुली? ती आज कोण आहे?”

शास्ते म्हणाले, “ते जीव जन्म घेतच राहिले, तिष्यका. कुणी माणूस झाला असेल, कुणी पक्षी, कुणी इथेच आपल्यात बसला असेल. पण निळुली होऊन जन्म घ्यायचे म्हटले, तर आता ते कुणालाच जमणार नाही. त्या रूपाचे दार बंद झाले, आणि ते दयेने बंद झाले.”

शेवटी शास्त्यांनी सांगितले, की मन कळवळते ती करुणा, आणि त्या कळवळ्याचे पुढे काय होईल ते जाणते ती प्रज्ञा. त्या जन्मी बोधिसत्त्वाने जी पूर्ण केली ती प्रज्ञापारमिता होय.